काचेच्या बाहेर पडदा लावायला लागलेले अकरा महिने

जुलै २०२३. रात्रीचे पावणेदहा, बाहेर गच्चीवर २१ डिग्री आणि आमच्या हॉलमध्ये २९.४. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, घामाने तिची मान चिकट झालेली, दर पंधरा मिनिटांनी उठून पाणी मागायची आणि मी फरशीवर ओलं फडकं फिरवत बसले होते. घर नवीन, २०२२ च्या शेवटी ताब्यात आलेलं, भिंतीला बाहेरून १८ सेंटिमीटर इन्सुलेशन, तीन पदरी काचा, हिवाळ्यात तर हीटिंग जेमतेम लावावं लागलं. आणि त्याच घरात उन्हाळ्यात जीव नकोसा झालेला. आम्ही राहतो कार्ल्सरुहेला, जर्मनीच्या नैऋत्येला, र्‍हाइनच्या खोऱ्यात. हा पट्टा जर्मनीतल्या सगळ्यात गरम पट्ट्यांपैकी, ऑगस्ट २००३ मध्ये इथे ४०.२ डिग्री नोंदलं गेलंय. मी मूळची अकोल्याची, त्यामुळे उन्हाळ्याची मला भीती नव्हती, पण हे काहीतरी वेगळंच होतं. अकोल्याचं घर तापतं तसं निवतंही, हे घर तापलं की निवतच नव्हतं. उष्णतेची लाट संपून बाहेर रात्री १६-१७ डिग्री व्हायला लागलं तरी आत चार दिवस २७ च्या खाली काटा येईना.

असं घर उन्हाळ्यात थंड कसं ठेवलं आणि काचेच्या बाहेर पडदे लावायची परवानगी कशी काढली, हे इथे नवीन फ्लॅट घेतलेल्या दोघी-तिघींनी मला विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, तारखा आणि खर्चासकट.

आधी सगळे म्हणाले तेच आम्हीही धरून चाललो, की इन्सुलेशनमुळेच घर तापतं. ते खरं नाही हे कळायला मला बराच वेळ लागला. इन्सुलेशन उष्णता दोन्हीकडून अडवतं, भिंतीतून आणि छतातून आत यायलासुद्धा. आमचा घोळ होता तो पश्चिमेच्या काचेचा. हॉलला जमिनीपासून वरपर्यंत तीन मोठ्या काचा, मिळून साधारण ९ चौरस मीटर. जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊला मावळतो, म्हणजे दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत ऊन सरळ त्या काचांवर. अशा उन्हात काचेच्या दर चौरस मीटरवर ६०० वॅटच्या आसपास उष्णता पडते, आमची सनप्रोटेक्शनवाली काच त्यातली अडतीस टक्के आत सोडते, म्हणजे हॉलमध्ये सगळी संध्याकाळ दोन किलोवॅटचा हीटर चालू. आणि आत आलेली ती उष्णता बाहेर जाऊ नये म्हणूनच तर घर बांधलंय! काँक्रीटचं छत आणि फरशीचा थर ती पिऊन बसतात आणि रात्रभर परत देत राहतात.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जे जे केलं त्यात पैसे बरेच गेले. स्टँडचा पंखा ४५ युरो, तो आजही वापरतो, तो चांगला. मोबाइल एसी ३४९ युरो, तो अजिबात घेऊ नका असं मी सांगेन. त्याची एकच नळी खिडकीतून बाहेर काढायची असते, तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटीफटीतून घरात ओढली जाते, शिवाय आवाज इतका की टीव्ही ऐकू येत नाही. तो पुढे सेकंडहँडमध्ये २०० ला गेला. काचेला आतून चिकटवायची चकचकीत फिल्म मागवली होती, पण लावायच्या आधी काचवाल्याला फोन केला ते बरं झालं. तो म्हणाला की तीन पदरी काचेला आतून फिल्म लावली तर काच असमान तापून तडकू शकते आणि गॅरंटीही जाते. फिल्म परत पाठवली. अकोल्याच्या काकूचा रोज फोन, कूलर घे म्हणून. अकोल्यात मे महिन्यात हवा कोरडी ठाक असते, वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा लगेच थंड होते आणि दारंखिडक्या उघड्या असल्याने ओल निघून जाते. इथल्या बंदिस्त घरात कूलर लावला तर दोन तासांत नुसती दमट कोंदट हवा, त्यापेक्षा न लावलेला बरा.

ऑगस्टमध्ये बाबा आले, सहा आठवड्यांसाठी. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लाट आली. मी दुपारी तीनला खिडकी उघडून पंखा लावून बसलेली पाहून ते म्हणाले, "अवो, भर दुपारी खिडकी कायले उघडी ठेवतं तू? आपल्या घरी दहा वाजताच दारं लावून घेतो ना आपण." मग आतले पडदे लावले. त्यांनी पडद्याच्या मागे हात घातला, काच आणि पडदा यांच्या मधल्या जागेत, आणि माझाही हात धरून तिथे नेला. भट्टीच्या तोंडाशी हात धरल्यासारखं वाटलं. "ऊन घरात आल्यावर पडदा लावून काय कामाचं? काचीच्या बाहीर अडव त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःची दोन पांढरी धोतरं आणि आमची एक डबल बेडची चादर गच्चीत टांगली. आमचा सगळ्यात वरचा मजला, इमारतीपेक्षा थोडा आत घेतलेला, समोर गच्ची, त्यामुळे जागा होती. कपडे वाळत घालायचे दोन उंच दांडे, मध्ये नायलॉनची दोरी, वर चिमटे, खाली पाण्याच्या बाटल्या बांधून वजन. भिंतीला एक खिळा नाही. मी १२ युरोचं थर्मामीटर हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटावर ठेवून आकडे लिहीत होते: आदल्या दिवशी आतले पडदे लावून सकाळी २६.० वरून रात्री आठला २९.६, आणि धोतरं टांगलेल्या दिवशी २६.८ वरून २७.९. ऊन दोन्ही दिवस सारखंच कडक. एका दिवसात साडेतीन डिग्री चढायचं ते एक डिग्रीवर आलं. नंतर वाचलं की आतला पडदा उन्हाची फार तर पाव ते एक तृतीयांश उष्णता अडवतो आणि बाहेरचा तीन चतुर्थांश किंवा जास्तच. पण मला वाचून जे पटलं नसतं ते त्या कागदावरच्या चार आकड्यांनी पटलं.

सहाव्या दिवशी इमारतीच्या मॅनेजमेंट कंपनीचा ईमेल आला, सोबत खालून रस्त्यावरून काढलेला आमच्या धोतरांचा फोटो. इमारतीचं बाहेरचं रूप सगळीकडे सारखं ठेवायचं असल्याने कृपया काढून घ्यावं. मला तो फोटो बघून फार वाईट वाटलं, बाबांना तर मी दाखवलाच नाही. लाट संपली तशी आम्ही ती काढली, आणि त्याच ईमेलला मी उत्तर लिहिलं की मग कायमचं बाहेरचं शेडिंग, म्हणजे काचेबाहेर ऊन अडवणारा पडदा, लावायचं असेल तर त्याची रीतसर पद्धत काय आहे ते सांगा. ती तारीख २९ ऑगस्ट २०२३. इथून पुढे कागदपत्रं.

जर्मनीत फ्लॅट तुमचा असला तरी बाहेरची भिंत आणि खिडक्या सगळ्या मालकांच्या सामाईक असतात. आपल्याकडे सोसायटी असते तशीच इथे फ्लॅटमालकांची मंडळी, आणि वर्षातून एकदा त्यांची सभा, थोडक्यात एजीएम. बाहेरून काहीही बसवायचं तर या सभेत ठराव लागतो. चांगली गोष्ट ही की डिसेंबर २०२० पासून कायदा बदललाय आणि अशा बदलासाठी साधं बहुमत पुरतं. आणि खर्च ज्याने बदल मागितला त्याने करायचा, बाकीच्यांवर पडत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, शेजाऱ्यांशी बोलताना सगळ्यात जास्त उपयोगी हेच पडतं.

मॅनेजमेंटने काय काय मागितलं ते सांगते: तीन कोटेशनं, काचेच्या मापांसहित ड्रॉइंग, रंगाचा नंबर, किती वाऱ्यापर्यंत टिकतं त्याचा वर्ग, आणि इन्सुलेशनमधून बोल्ट जाणार तर थंडी आत येणारी वाट तयार होणार नाही याचं फिटिंगवाल्याचं लेखी पत्र. शेवटच्याने मला अडवलं. पहिल्या दोघा फिटिंगवाल्यांना तो प्रश्नच कळला नाही, "आम्ही नेहमी असंच लावतो" म्हणाले. तिसऱ्या दुकानातल्या बाईंनी मात्र लगेच एक ब्रॅकेट टेबलवर ठेवला, मध्ये प्लॅस्टिकचा जाड ठोकळा असलेला, म्हणजे बाहेरचं लोखंड आतल्या भिंतीला धातूने जोडलं जात नाही. तुम्हीही हेच विचारा, "थर्मली वेगळे केलेले ब्रॅकेट आहेत का", उत्तरावरून माणसाला काम कळतं का ते लगेच समजतं.

काय लावायचं यावर नवरा आणि मी महिनाभर भांडत होतो. त्याला अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ब्लाइंड हवे होते, जे तिरके करता येतात, उजेड राहतो, दिसायलाही सुंदर. पण आमचा मजला वरचा, वारा खूप, आणि ते ब्लाइंड वारा आला की आपोआप वर जातात, नेमकं उन्हाळ्याच्या वादळी दुपारी. मी कापडी स्क्रीनच्या बाजूने होते, ज्याची दोन्ही कडेची झिपसारखी चेन बाजूच्या पट्टीत अडकलेली असते म्हणून फडफडत नाही आणि बराच वारा सोसते. शेवटी कापडी स्क्रीन, करड्या रंगात, आणि मोटर छोट्या सोलर पॅनेलवर चालणारी. सोलरचं कारण विजेची बचत हे नव्हतंच. साधी मोटर घेतली असती तर वायरसाठी बाहेरून आत भोक पाडावं लागलं असतं आणि घर हवाबंद ठेवणारा थर मला फोडायचा नव्हता.

तीन कोटेशनं आली: ५,१८०, ५,७४० आणि ७,२६० युरो, तिन्ही स्क्रीन, मोटर आणि फिटिंगसकट. आम्ही मधलं धरलं, ब्रॅकेटवाल्या बाईंचं. सरकारी अनुदान मिळेल का ते बघितलं. बाफा नावाचं सरकारी ऑफिस बाहेरच्या शेडिंगला पैसे देतं, पण इमारत निदान पाच वर्षं जुनी हवी, आमची नवीन म्हणून बाद. तुमची जुनी असेल तर जरूर बघा, आणि अर्ज काम सुरू व्हायच्या आधी करायचा असतो हे विसरू नका.

हिवाळ्यात मग नुसती वाट बघणं. तोपर्यंत घरातल्या बाकीच्या गोष्टी तपासल्या आणि दोन ठिकाणी फुकट उष्णता सापडली. एक म्हणजे कॉरिडॉरमधलं कपाट, ज्यात सामाईक हीटिंगमधून आमच्या फ्लॅटसाठी गरम पाणी करणारं यंत्र बसवलेलं आहे. उन्हाळ्यातही ते चोवीस तास गरम राहतं. थर्मामीटर आत ठेवलं तर ३४ डिग्री! तंत्रज्ञाने उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि पाइपचे जोड फोमने झाकले, ९५ युरो घेतले, आणि पाणी विनाकारण फिरत राहायचं ती सेटिंग ठरावीक वेळेपुरती लावून दिली. दुसरं म्हणजे ताज्या हवेचं यंत्र. हवाबंद घरात ते चोवीस तास हलकी हवा खेळवत असतं आणि हिवाळ्यात बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देतं. उन्हाळ्यात रात्री तेच नको असतं, म्हणून त्यात बायपास असतो, म्हणजे ती ऊब न घेता हवा सरळ आत येण्याची वाट. आमचा बायपास बसवल्यापासून बंदच होता, म्हणजे रात्रीची थंड हवा आमच्याच घराच्या उष्णतेने गरम करून आम्हाला मिळत होती. मेनूमध्ये जाऊन चालू करायला दोन मिनिटं लागली. मॅन्युअल वाचा, खरंच वाचा. अर्थात या यंत्राची हवा थोडी असते, त्याने घर थंड होत नाही, ते काम उघड्या खिडक्यांचंच.

सभा ठरली १८ एप्रिल २०२४, गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. बोलावणं तीन आठवडे आधी यायला हवं असा नियम आहे, पण तुमचा विषय त्या यादीत हवा असेल तर बराच आधी द्यावा लागतो. मी जानेवारीतच दिला आणि ठरावाचा मसुदाही स्वतः लिहून पाठवला. याच काळात कोटेशनची मुदत संपली. सहा आठवड्यांची मुदत होती, मी लक्षच दिलं नव्हतं, नवीन कोटेशन चार टक्क्यांनी वाढून ५,९७० झालं. दोनशे तीस युरो असेच गेले. कोटेशन घेतानाच सांगा की सभा अमुक महिन्यात आहे, तोपर्यंत भाव धरून ठेवा, लेखी.

सभेच्या आधी दोन आठवडे मी घरोघर गेले. हातात कापडाचा तळहाताएवढा तुकडा, एक फोटो आणि ऑगस्टच्या आकड्यांचा कागद. माझी जर्मन कामापुरती, कायद्याचे शब्द तोंडात बसत नाहीत, पण दारात उभं राहून बोलताना लोक समजून घेतात, सभेत तसं होत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी तुकडा हातात घेऊन खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, आरपार बघितलं आणि विचारलं की रात्री मोटरचा आवाज येईल का. मग हळू म्हणाल्या की मागच्या उन्हाळ्यात त्या दोन दिवस बाथरूममध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या, कारण तिथे खिडकी नाही. मला काय बोलावं कळेना.

सभा चर्चच्या हॉलमध्ये. आमचा विषय नववा, त्याला यायला नऊ वाजून दहा मिनिटं झाली, सगळे दमलेले. आधी पाऊण तास सायकल ठेवायच्या जागेवरून वाद झालेला. मी उभी राहिले तेव्हा हातातला कागद थरथरत होता. दोन हरकती आल्या. एक, प्रत्येकाने आपापल्या रंगाचं लावलं तर इमारत कशी दिसेल. दोन, उद्या भिंतीत पाणी गेलं तर भरणार कोण. दोन्हींची उत्तरं मसुद्यात होती: रंग, कापड आणि स्क्रीन गुंडाळून राहते त्या पेटीचं माप ठरावातच लिहिलेलं, पुढे ज्याला लावायचं त्याने हेच लावायचं, आणि खर्च, दुरुस्ती, नुकसान सगळं लावणाऱ्याकडे, फ्लॅट विकला तर नवीन मालकाकडे. चौदापैकी अकरा जण हजर किंवा मुखत्यारपत्र दिलेले. सात हो, दोन नाही, दोन तटस्थ. झालं. घरी येताना ट्राममध्ये मी रडले, दमल्यामुळे असेल.

पण ठराव झाला म्हणजे लगेच ऑर्डर देऊ नका. नाराज मालकाला एक महिना कोर्टात जायची मुभा असते. १८ मे शनिवार होता, सोमवारी २० ला पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी, त्यामुळे मुदत मंगळवारी २१ मेपर्यंत लांबली, आणि कोर्टाची नोटीस पोचायला आणखी थोडे दिवस लागू शकतात म्हणून मॅनेजमेंटने महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं. ३१ मेला "काही आलेलं नाही" असा एका ओळीचा ईमेल आला आणि त्याच दुपारी मी तीस टक्के आगाऊ भरले, १,७९१ युरो. डिलिव्हरी सात-आठ आठवडे. म्हणजे जून आणि बराचसा जुलै पुन्हा चादरींवर काढला, या वेळी मॅनेजमेंटला आधी कळवून, तात्पुरतं म्हणून. कोणी काही बोललं नाही.

२४ जुलै २०२४, बुधवारी सकाळी साडेसातला दोघे जण आले. गच्चीमुळे मचाण लागलं नाही. पाच तास काम. एक ब्रॅकेट चार सेंटिमीटर चुकीच्या जागी ड्रिल झाला, ते भोक त्यांनी फोम आणि प्लॅस्टरने बुजवलं, मी फोटो काढून ठेवला आणि पावतीवर तसं लिहून घेतलं. दुपारी एकला पहिल्यांदा तिन्ही स्क्रीन खाली आले. खोलीत उजेड मऊ झाला, बाहेरची झाडं अंधुक दिसत होती, आणि मी काचेला आतून हात लावला. काच कोमट होती. बाबांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं.

आता आमचा नेम असा: सकाळी सातपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या, मग बंद. पश्चिमेचे स्क्रीन ऊन यायच्या आधी, अकरा-साडेअकरालाच खाली, ऊन पडल्यावर नाही. पोळ्या सकाळीच, कुकर सकाळीच, तळण आणि ओव्हन लाटेच्या दिवसांत बंद. संध्याकाळी बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की मगच खिडक्या उघडायच्या. लाटेत हे रात्री अकराच्या पुढे होतं, आणि खरी थंड हवा पहाटे तीन ते सहा मिळते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन खिडक्या रात्रभर सताड उघड्या. एका बाजूची तिरकी उघडून काही होत नाही. २ जुलै २०२५ ला गच्चीत सावलीत ३७ होते, आत संध्याकाळी २६.३. पंखा लावला की त्यात झोप लागते. एसीला माझा विरोध नाही, ज्याच्या घरी आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे त्याने जरूर लावावा, फक्त बाहेरच्या युनिटलाही ठराव लागतो, आणि आधी ऊन अडवलं तर लहान युनिटवर भागतं.

बाथरूमच्या छतातल्या खिडकीला अजून बाहेरून काही नाही, तिथून दुपारी चांगलीच झळ येते, तो विषय पुढच्या सभेसाठी दिलाय.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्याच ठरावावर २०२५ च्या मे महिन्यात स्क्रीन लावून घेतले. त्यांना नवीन परवानगी लागली नाही, माझ्याच फायलीतले कागद पुरले. सेन्सरचा रिमोट त्यांना जमत नव्हता, म्हणून तिथे बसून आम्ही दोघींनी तो लावला: ऊन आलं की खाली, रात्री नऊला वर. संध्याकाळच्या बातम्या बघताना त्यांना खिडकीतून रस्ता दिसायला हवा होता, म्हणून एक स्क्रीन आठलाच वर जातो.